पुण्यातल्या बाल्कनीत वड-फायकसचं बोन्साय: आधी उजेड, मग हवेतला ओलावा

सदाशिव पेठेत नाहीतर शनिवार पेठेत जुन्या वाड्यांच्या भिंतींकडे जरा मान वर करून बघा. पन्हाळीशेजारी, कठड्याखाली, विटांच्या फटीत पिंपळ किंवा उंबर हमखास उगवलेला दिसतो. त्याला कुणी खत घालत नाही, कुणी स्प्रे मारत नाही, एप्रिलच्या दुपारी हवा कोरडीठाक असते आणि तरी तो हिरवागार असतो. आणि इकडे आपण हौसेनं आणलेला फायकस हॉलमध्ये टीव्हीच्या बाजूला ठेवतो, दिवसातून पाच वेळा पाणी फवारतो, आणि महिनाभरात खाली पानांचा सडा.

मला हे कळायला बरीच वर्षं आणि तीन-चार झाडं लागली. भिंतीतल्या त्या पिंपळाकडे तीन गोष्टी असतात, डोक्यावर उघडं आभाळ, मुळं भिंतीच्या आतल्या ओलीत, आणि त्याची प्रत्येक पालवी त्याच जागी, त्याच उन्हात फुटलेली. हवेतली ह्युमिडिटी त्याच्याकडेही नसतेच. म्हणून माझं ठाम मत असं झालंय की पुण्यात ट्रॉपिकल बोन्साय सांभाळायचं असेल तर आधी उजेड, मग मुळांपाशी ओल आणि मग हवेतला ओलावा, ह्याच क्रमानं जायचं. बहुतेक लोक उलटं करतात, स्प्रेच्या बाटलीपासून सुरुवात करतात.

ट्रॉपिकल म्हणजे इथे मी वड, पिंपळ, उंबर, फायकस मायक्रोकार्पा (नर्सरीत जिनसेंग फायकस म्हणून जाड मुळांचा मिळतो तो), कामिनी, बोगनवेल, फुकियन टी, जेड, अडेनियम ह्यांच्याबद्दल बोलतेय. जुनिपर ह्यात येत नाही, त्याची गरजच वेगळी.

पहिलं काम: उजेड मोजा

डोळ्यांवर अजिबात विसंबू नका. आपला डोळा अंधाराला पटकन सरावतो, त्यामुळे हॉल आपल्याला लख्ख वाटतो पण झाडासाठी तो रात्रच असते. मोबाईलवर लक्स मीटरचं (लक्स म्हणजे उजेडाचं माप) फुकट ॲप मिळतं, ते घ्या, फोन झाडाच्या शेंड्यापाशी धरा, सेन्सर उजेडाच्या दिशेला, आणि सकाळी ९, दुपारी १२ आणि ४ असे तीन आकडे लिहून ठेवा. फोनचा आकडा काटेकोर नसतो, पण दोन जागांची तुलना करायला पुरतो. भर उन्हात गच्चीवर लाखाच्या आसपास लक्स असतात, उघड्या सावलीत दहा-वीस हजार. माझ्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये खिडकीला चिकटून चार हजार होते, तीन फूट आत आल्यावर हजाराच्या खाली, आणि टीव्ही युनिटवर १२०. तिथेच माझा पहिला फायकस गेला.

माझा ठोकताळा असा आहे, फायकसला दिवसभर दोन हजार लक्स मिळाले तर तो कसाबसा तग धरतो, दहा हजारांच्या वर गेला की वाढतो, आणि पानं लहान, पेरं आखूड, फांद्या दाट असं बोन्सायला शोभेल असं रूप हवं असेल तर रोज चार-पाच तास थेट ऊन हवंच. उजेड कमी पडला की झाड तो शोधायला धावतं, दोन पानांमधलं अंतर वाढतं, पानं मोठी आणि पातळ होतात, फांदी खिडकीकडे वळते. मग आपण छाटतो, ते परत लांबतं, आणि दर छाटणीला झाडाची साठवण कमी होत जाते. हॉलमधलं बोन्साय आठ-दहा महिन्यांनी 'अचानक' मेलं असं लोक सांगतात ना, ते अचानक नसतं, ते इतके दिवस साठवणीवर जगत असतं.

खिडकीची काच टिंटेड असेल, बाहेर डासांची जाळी असेल, तर त्या दोन्हींतून उजेड किती कमी होतो तेही मोजा. मी जाळी सरकवून मोजलं तेव्हा आकडा एवढा वर गेला की त्या दिवसापासून दिवसा जाळी उघडी असते आणि दिवेलागणीच्या आधी बंद.

बाल्कनी कुठल्या दिशेची, हे पुण्यात महिन्यागणिक बदलतं

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि ह्याच्यावर कोणी नीट बोलत नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते. पुणे साधारण साडेअठरा अक्षांशावर आहे. मेच्या मध्यावर आणि जुलैअखेरीस आपल्याकडे शून्य सावली दिवस येतो, म्हणजे दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर. ह्या दोन दिवसांच्या मधल्या काळात सूर्य दुपारी आपल्या थोडा उत्तरेला असतो. आणि डिसेंबरात तो दक्षिणेला इतका कलतो की भर दुपारीसुद्धा क्षितिजापासून ४८ अंशांवरच असतो.

म्हणजे काय, तर दक्षिणेच्या बाल्कनीत डिसेंबर-जानेवारीत ऊन अगदी आतपर्यंत येतं, पार सोफ्यापर्यंत, आणि मे-जूनमध्ये वरच्या मजल्याच्या स्लॅबमुळे तिथे थेट ऊन जवळजवळ शून्य. जागा तीच, झाड तेच, आणि आपण म्हणतो उन्हाळ्यात झाडाला काय झालं! उत्तरेच्या बाल्कनीला लोक नावं ठेवतात, पण मार्चअखेर ते सप्टेंबर तिथे सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन येतं, आणि फुकियन टीला ते चांगलं मानवतं. थंडीत मात्र तिथे उजेड कमी पडतो आणि झाड हलवावं लागतं. पूर्वेची बाल्कनी सगळ्यात सोयीची, सकाळचं कोवळं ऊन अकरा-साडेअकरापर्यंत, मग सावली, वड-फायकस-कामिनी सगळे खूष. पश्चिमेची बाल्कनी मार्च ते मे त्रासाची, कारण ऊन येतं तेव्हाच हवा सगळ्यात गरम आणि सगळ्यात कोरडी असते. तिथे पन्नास टक्क्यांची हिरवी शेडनेट पश्चिमेच्या बाजूला उभी बांधा, डोक्यावर नको, म्हणजे सकाळचा उजेड अडत नाही. पंचाहत्तर टक्क्यांची नेट दुकानदार देतो, ती बोन्सायला नको, फार अंधार होतो.

तर काम असं करायचं, एका रविवारी सकाळी ७ पासून दर दोन तासांनी बाल्कनीचा एकाच जागेवरून फोटो काढायचा. ऊन कुठून कुठे सरकतं ते कळतं. हेच मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबर असं वर्षातून चारदा केलं की तुमच्या बाल्कनीचा नकाशा कायमचा तयार. मी खडूनं फरशीवर रेघाच मारल्या होत्या.

बाल्कनीच नसेल, तर ग्रो लाइट घ्यावा लागेल, हे स्पष्टच सांगते. पांढऱ्या उजेडाचा फुल स्पेक्ट्रम एलईडी, २० ते ३० वॅटचा, झाडाच्या शेंड्यापासून १५ ते ३० सेंटीमीटरवर, टायमर लावून रोज १२ ते १४ तास. छताला लावलेल्या ट्यूबचा उपयोग होत नाही, अंतर वाढलं की उजेड झपाट्यानं कमी होतो. आणि चोवीस तास लावून ठेवू नका, झाडाला काळोखही हवा असतो.

नवं झाड आणलं की पहिले पंधरा दिवस

नर्सऱ्या आपल्याकडे सोलापूर रोडला, हडपसरच्या पुढे उरुळी कांचनपर्यंत भरपूर आहेत आणि तिथे झाड बहुतेक वेळा शेडनेटखाली, दमट हवेत, शेकडो झाडांच्या गर्दीत वाढलेलं असतं. त्या सावलीत फुटलेलं पान पातळ असतं, त्याला कडक ऊन झेपत नाही. मी एका एप्रिलमध्ये असाच एक देखणा फायकस आणला आणि फायकसला ऊन आवडतं असं वाचलेलं म्हणून थेट गच्चीवर ठेवला. तिसऱ्या दिवशी पानांवर तपकिरी डाग, आठव्या दिवशी अर्धी पानं खाली. घाबरून मी पाणी वाढवलं, पानं नसल्यामुळे झाड पाणी ओढेना, माती चिखल झाली आणि मुळं कुजली. उन्हानं ते मेलंच नसतं, त्या जास्तीच्या पाण्यानं मेलं, ह्याची मला आजही हळहळ वाटते.

म्हणून पहिले चार-पाच दिवस उजळ सावली, नंतर सकाळचं एक तास ऊन, मग दर दोन-तीन दिवसांनी अर्धा-पाऊण तास वाढवत न्यायचं. ह्या काळात रिपॉटिंग (कुंडी-माती बदलणं) नाही, छाटणी नाही, खत नाही. जुनी पानं पिवळी पडून गळतील, गळू देत. जागा बदलली की फायकस जुनी पानं टाकतो आणि नव्या जागेला साजेशी नवी काढतो. पानं गळाली तर पाणी कमी करा, वाढवू नका. झाड जिवंत आहे का ही शंका आली तर नखानं साल किंचित खरवडा, आत हिरवं असेल आणि चीक आला तर धीर धरा.

अजून एक, पिंपळ आणि वड फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास आपणहून पानं टाकतात, पिंपळाला मग ती तांबूस लुसलुशीत पालवी येते. दरवर्षी ह्याच सुमारास मला कुणीतरी घाबरून फोटो पाठवतं. रस्त्यावरच्या मोठ्या पिंपळाकडे बघा, तोही तेच करत असेल तर काळजी सोडा.

आता ह्युमिडिटी

आधी एक गणित. समजा मार्चमध्ये पहाटे २० डिग्री तापमान आहे आणि ह्युमिडिटी ६० टक्के. दुपारी पारा ३७-३८ वर गेला, हवेतली वाफ तेवढीच राहिली, तरी मीटर २२ टक्क्यांच्या आसपास दाखवेल. कारण गरम हवेची पाणी धरायची ताकद वाढते, म्हणजेच तिची तहान वाढते. ऑगस्टमध्ये २४ डिग्री आणि ८० टक्के असताना पानातून पाणी ओढायची हवेची जी ताकद असते त्याच्या जवळजवळ नऊ पट ३८ डिग्री आणि २० टक्क्यांना असते. म्हणून नुसता टक्का बघून उपयोग नाही, तापमानासोबत बघायचा. जानेवारीतले ३५ टक्के झाडाला काही करत नाहीत, एप्रिलमधले ३५ टक्के मात्र जाणवतात.

ह्यावरून पुण्याचं वर्ष साधारण असं पडतं, जून मध्यापासून सप्टेंबरअखेर हवा भरपूर दमट, तेव्हा ह्युमिडिटीचा विचारही करू नका. ऑक्टोबर ते जानेवारी ठीकठाक. खरी परीक्षा फेब्रुवारी अर्धा सरल्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, तीही दुपारी १२ ते ५. म्हणजे उपाय करायचे ते तेवढ्याच दिवसांसाठी आणि तेवढ्याच तासांसाठी.

मीटर घ्यायचा तर साधा डिजिटल पुरे, झाडाच्या शेजारी पण सावलीत ठेवा, उन्हात तो खोटं बोलतो. तो बरोबर आहे का हे घरी तपासता येतं. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंब थेंब पाणी घालून ओलसर करा, विरघळवायचं नाही, आणि ते झाकण व मीटर एका घट्ट झिप पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी ७५ दिसले पाहिजेत. ७० दिसले तर पुढे कायम पाच मिळवून वाचा.

स्प्रेबद्दल लोकांना वाईट वाटेल पण सांगते, एप्रिलच्या दुपारी पानांवर मारलेलं पाणी काही मिनिटांत उडून जातं आणि ह्युमिडिटी होती तिथे परत येते. स्प्रेचा खरा उपयोग पानं धुवायला आहे. कोरड्या गरम हवेत पानांच्या मागे लाल कोळी ही बारीक कीड वाढते, बारीक जाळी दिसते, पान फिक्कट ठिपक्याठिपक्यांचं होतं, ह्या किडीला पाण्याचा जोर सहन होत नाही. म्हणून उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा, सकाळी, पानांच्या खालच्या बाजूनं पाण्याचा चांगला फवारा मारा. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर पानांवर पांढरे डाग पडतात, त्याऐवजी एसीचं बादलीत जमणारं पाणी वापरा, त्यात क्षार जवळजवळ नसतात. आरओमधून बाहेर पडणारं पाणी मात्र नको, त्यात क्षार उलट जास्त असतात.

खडे आणि पाणी भरलेला ट्रे कुंडीखाली ठेवतात, त्यानं उघड्या बाल्कनीत फरक पडतो तो अगदी थोडा, वाऱ्याची झुळूक आली की संपलं. ठेवायचा असेल तर ठेवा, पण कुंडीचं बूड पाण्यात बुडता कामा नये. माझ्या अनुभवात ह्या चार गोष्टींनी जास्त फरक पडला.

एक म्हणजे वारा अडवणं. बाणेर-वाकडला दहाव्या-अकराव्या मजल्यावर राहणाऱ्यांना हे सगळ्यात लागू आहे, तिथे वारा दिवसभर पानांतून पाणी ओढत असतो. झाड कठड्यावर ठेवू नका, कठड्याच्या आत खाली ठेवा नाहीतर वाऱ्याच्या बाजूला नेट बांधा. घरात असेल तर एसीच्या किंवा कूलरच्या थेट झोतात नको.

दुसरं, गरम फरशीपासून उचलणं. एप्रिलमध्ये गच्चीचा स्लॅब अनवाणी पाय ठेवू देत नाही, आणि बोन्सायची कुंडी दोन-तीन इंच खोल, म्हणजे मुळं अक्षरशः तव्यावर. लाकडी फळी, विटांचा थर किंवा स्टँड द्या. काळ्या प्लास्टिकच्या ट्रेभोवती ओलं गोणपाट गुंडाळा. पानं करपली की आपण हवेला दोष देतो आणि आत मुळं भाजलेली असतात, मी उपटून पाहिलंय.

तिसरं, झाडं एकमेकांजवळ आणणं. पाच-सहा कुंड्या जवळजवळ, मध्ये भिजवलेल्या विटा, खाली ओलं गोणपाट. भाजलेली वीट पाणी भरपूर पिते आणि दिवसभर हळूहळू सोडते, त्यामुळे त्या कोपऱ्यात गारवा राहतो. सकाळी विटा बादलीत बुडवून काढायच्या, बास.

आणि चौथं, सगळ्यात मोठं, मुळांपाशी वाफसा. शेतकऱ्यांचा हा शब्द फार नेमका आहे, माती ओली पण चिकट नाही, हवा खेळती. मुळांना पाणी मिळत असेल तर वड-फायकस वीस टक्के ह्युमिडिटीही काढतात. काळी माती ह्या कामाची नाही, ती भिजली की चिखल आणि सुकली की भेगा. विटांचा तीन ते सहा मिलिमीटरचा चुरा चाळून धूळ काढून, त्यात थोडं कोकोपीट आणि शेणखत किंवा गांडूळखत, असं मिश्रण मी वापरते. उन्हाळ्यात सकाळी भरपूर पाणी, खालच्या भोकातून वाहीपर्यंत, आणि संध्याकाळी बोट घालून बघून लागलं तर परत. दोन दिवस गावाला जायचं असेल तर कुंडी उघड्या उन्हातून काढून उजळ सावलीत.

कुठल्या झाडाला ह्युमिडिटी खरंच लागते? कामिनी आणि फुकियन टी थोडे नाजूक आहेत, कोरड्या गरम वाऱ्यानं त्यांची पानं कडेनं करपतात. फायकस, वड, उंबर काटक. बोगनवेलीला निव्वळ ऊन हवं. जेड आणि अडेनियमसाठी तर दमट हवा करायच्या फंदात पडूच नका, जेड मूळचं दक्षिण आफ्रिकेतल्या कोरड्या भागातलं, पाणी कमी पडलं तर ते पानांची छिद्रं रात्री उघडून काम चालवतं. त्याच्याखाली पाण्याचा ट्रे ठेवणं म्हणजे मुळं कुजवायला आमंत्रण.

पावसाळा, म्हणजे कामाचे दिवस

पहिले दोन-चार पाऊस झाले, हवा दमट झाली, की फायकस-वडाचं रिपॉटिंग, मोठी छाटणी, पानं काढणं हे सगळं करून घ्या. मुळं छाटल्यावर झाडाला पाणी ओढता येत नाही, अशा वेळी हवेची तहान कमी असणं हाच खरा आधार. अगदी जास्त मुळं कापली असतील तर झाडावर पारदर्शक पिशवी घालून उजळ सावलीत ठेवा, नवे कोंब दिसले की रोज थोडी थोडी उघडत न्या. पिशवीसकट उन्हात ठेवलं तर एका दुपारीत झाड शिजतं.

जुलै-ऑगस्टमध्ये अडचण उजेडाची येते. सलग ढग असले की लक्स एकदम खाली जातात, तेव्हा शेडनेट पूर्ण काढून टाका आणि झाडं शक्य तितकी उघड्यावर आणा. कुंडीखाली एका बाजूला लाकडाचा तुकडा देऊन ती जरा तिरकी करा म्हणजे पाणी साचत नाही. कुंड्यांमध्ये आता अंतर ठेवा, उन्हाळ्यात जवळ आणलेली झाडं पावसाळ्यात लांब, नाहीतर कोंदटपणानं पानांवर काळे डाग आणि बुरशी. अडेनियम पत्र्याखाली.

आणि वडाच्या पारंब्या हव्या असतील तर हीच वेळ. रस्त्यावरच्या मोठ्या वडांच्या पारंब्यांनाही पावसातच नवी टोकं फुटतात. फांदीवर जिथे पारंबी हवी तिथे ओलं स्पॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) बांधा, वर सैलसर प्लास्टिक, रोज ओल तपासा. मूळ दिसू लागलं की स्ट्रॉ उभी चिरून त्याभोवती बसवा, आत ओलसर मॉस भरा आणि खालचं टोक मातीत टेकवा. मूळ त्या नळीतून खाली उतरतं. घाई करून स्ट्रॉ काढू नका, मातीत पकड बसून मूळ तपकिरी झालं की मगच. मी एकदा पंधरा दिवसांत काढली आणि ते बारीक मूळ ऑक्टोबरच्या उन्हात तासाभरात वाळलं.

ऑक्टोबर हीटमध्ये पावसाळ्यातली कोवळी पानं एकदम कडक उन्हात येतात, तेव्हा पश्चिमेची नेट तीन आठवड्यांसाठी परत बांधा. थंडीत पारा दहा-बाराच्या खाली जायला लागला की फायकसची वाढ थांबते, पाणी अर्ध्यावर आणा, खत बंद, आणि झाड दक्षिणेच्या उन्हात सरकवा, रात्री भिंतीला लागून ठेवा. पाषाण-बाणेरकडे पहाटे शहरापेक्षा जास्त गारठा असतो, तिथे कामिनी आणि फुकियन टी रात्रीपुरत्या घरात घेतलेल्या बऱ्या, सकाळी ऊन आलं की परत बाहेर.